चकतीची वेळ

मी नऊ वर्षांची असताना मंगळवेढ्यातल्या सोनाराकडे माझं नाक टोचलं. आईने माझं डोकं दोन्ही हातांत गच्च धरलं होतं. आठ दिवसांत नाक पिकलं, ठणकायला लागलं. मग आजीने सोन्याची तार काढली, कडुलिंबाची बारीक काडी तासून भोकात बसवली आणि खोबरेल तेलात हळद कालवून रोज लावत राहिली. थोड्या दिवसांनी जरा जाड काडी. हे सगळं मी पार विसरून गेले होते. ते आठवलं थेट इथिओपियात, ओमो नदीच्या खोऱ्यात, माझ्यासमोर बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलीने खालच्या ओठातली लाकडी खुंटी काढून तळहातावर ठेवली तेव्हा.

२०१४ ते २०१७ अशी तीन वर्षं मी दक्षिण इथिओपियात, अर्बा मिंच गावी गणित शिकवत होते. तिथे भारतीय मास्तर ही नवलाची गोष्ट नाही. सम्राट हैले सेलासींच्या काळापासून आपली माणसं तिकडच्या शाळांतून शिकवत आली आहेत. बाजारातला भाजीवालासुद्धा साडी दिसली की ‘टीचर’ म्हणूनच हाक मारायचा.

मुर्सी ही ओमोच्या खोऱ्यातली जमात, तिथल्या बायका खालचा ओठ कापून त्यात गोल चकती घालतात. त्यांच्या वस्तीवर मी पहिल्यांदा गेले ती इतर चार सहकाऱ्यांबरोबर, २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये. कोन्सो, केय अफेर करत संध्याकाळी जिंकाला पोचलो, रात्री मुक्काम केला आणि सकाळी मागो राष्ट्रीय उद्यानाच्या रस्त्याला लागलो. नाक्यावर एक बंदूकधारी राखणदार गाडीत घ्यावा लागतो. उतार संपून जंगल लागलं की त्सेत्से माश्या काचांवर आपटायला लागतात, त्यामुळे उकाड्यातही काचा बंद. ड्रायव्हरने पाच-पाच बिरच्या कोऱ्या नोटांचं बंडल आधीच आणून ठेवलं होतं. एका माणसाचा एक फोटो म्हणजे पाच बिर, असा तेव्हाचा भाव.

गाईडने वाटेत दोन गोष्टी सांगितल्या. एक, गुलामांचा व्यापार करणाऱ्यांनी बायकांना पळवू नये म्हणून पूर्वी त्यांना मुद्दाम कुरूप केलं जायचं, त्यातून ही चकती आली. दुसरी, जितकी मोठी चकती तितकी नवऱ्याकडून जास्त गुरं मिळतात. आम्ही माना डोलावल्या. मग वस्तीवर उतरलो, बायका रांगेने उभ्या राहिल्या, आम्ही फोटो काढले, नोटा मोजल्या आणि पाऊण तासात निघालो. अर्बा मिंचला परत आल्यावर मी फोटो बघत बसले. एकाही फोटोत कुणी काही करत नव्हतं. कुणी दळत नव्हतं, कुणी पाणी आणत नव्हतं, पोराला कुणी पाजत नव्हतं. नुसत्या उभ्या. आपल्याकडे एखादी बाई नऊवारी नेसून, नथ घालून, सगळे दागिने चढवून भर दुपारी रस्त्याच्या कडेला काही कारण नसताना उभी असावी, तसं ते दिसत होतं. काहीतरी चुकलंय एवढं कळलं. काय चुकलंय ते कळायला सव्वा वर्ष गेलं.

मधल्या काळात थोडं वाचलं. डेव्हिड टर्टन या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून मुर्सींमध्ये राहून काम केलं. गाईडच्या दोन्ही गोष्टी त्यांना मान्य नाहीत. गुलामांच्या व्यापाराच्या कहाणीला आधार नाही. गुरांचं म्हणाल, तर मुर्सींच्या रीतीप्रमाणे वधूमूल्याचा आदर्श आकडा ३८ गुरांचा. पण लग्न आणि देणंघेणं पुष्कळदा मुलीचा ओठ कापण्याआधीच ठरलेलं असतं. मग चकतीच्या मापाने गुरं वाढणार कशी? बायकोने नवऱ्यासाठी स्वतःला विद्रूप केलं किंवा चोरांच्या भीतीने केलं, या दोन्ही गोष्टी बाहेरच्याला पटायला सोप्या जातात. मुलीला ती चकती सुंदर वाटते, हे पटायला जड जातं.

माझ्याकडे शनिवारी गणित शिकायला एक मुर्सी मुलगा यायचा. जिंकाच्या वसतिगृहात राहून शाळा शिकलेला, आता अर्बा मिंचला शिक्षकाचं प्रशिक्षण घेत होता. शिकलेल्या मुर्सींची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यांतला हा एक. त्याच्या कानांच्या पाळ्या लहानपणी टोचून वाढवलेल्या होत्या. त्यांत आता काही नव्हतं, पाळी नुसती कडीसारखी लोंबायची. वर्गात ती तो कानामागे अडकवून ठेवायचा. मी एकदा त्याला माझे पहिले फोटो दाखवले. त्याने सगळे पाहिले आणि विचारलं, “टीचर, त्या दिवशी लग्न होतं का?” मी नाही म्हटलं. “मग काठ्यांची लढत?” तीही नव्हती. तो गप्प झाला. जाताना म्हणाला, “सुट्टीत माझ्याबरोबर या. कॅमेरा आणू नका.”

२०१६ च्या फेब्रुवारीत, सत्राच्या सुट्टीत गेले. परवाना, राखणदार, तंबू, पिण्याचं पाणी, सगळं रीतसर. दोन रात्री राहिले.

मुर्सी स्वतःला मुन म्हणतात. ओमो आणि मागो या दोन नद्यांमधला मुलूख त्यांचा. २००७ च्या जनगणनेत ते साडेसात हजारांच्या आसपास होते. घरं गवताची, घुमटासारखी, दार इतकं बुटकं की रांगत आत जावं लागतं. त्या मुलाच्या मोठ्या बहिणीच्या घरासमोर मला बसवलं. ती गुडघ्यांवर बसून दगडी पाट्यावर धान्य वाटत होती. मी मूठभर दाणे हातात घेतले आणि माझा विश्वास बसेना. ज्वारी. मी मंगळवेढ्याची. ज्वारीच्या रानात वाढलेली. हे पीक मुळात ईशान्य आफ्रिकेतलं, तिथून आपल्याकडे आलं, हे पुस्तकात वाचलेलं होतं. हातात मात्र तिथे आलं. मी त्या मुलाला म्हटलं, आमच्याकडे याच्या भाकरी करतात. त्याने बहिणीला सांगितलं. तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

तिचा ओठ तेव्हा रिकामा होता. चकती नसली की कापलेला ओठ हनुवटीखाली गोल कडं लोंबावं तसा लोंबतो. खालचे पुढचे दात काढलेले. ती बोलत होती, हसत होती, लेकराला ओरडत होती. कामाच्या वेळी चकती नसते, जेवताना नसते, झोपताना नसते. चकती जड असते आणि तासन्‌तास घालून बसणं त्रासाचं असतं, हे मला सांगावं लागलं नाही. लग्नात पायघोळ शालू आणि दागिने घातलेल्या कुठल्याही बाईला ते कळेल.

धाकटी बहीण थोड्या वेळाने पाणी घेऊन आली. तिचा ओठ कापून अडीच महिने झाले होते. मुर्सींमध्ये पंधराव्या-सोळाव्या वर्षी हे करतात. मुलीची आई कापते किंवा वस्तीतली दुसरी जाणती बाई. भोकात लाकडाची खुंटी बसवतात आणि जखम भरेपर्यंत, साधारण तीन महिने, ती तिथे राहते. ओठ किती वाढवायचा ते मग मुलीवर. काही मुली मधेच थांबतात. काही महिनोन्‌महिने खुंट्या बदलत राहतात आणि बारा सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी चकती बसेपर्यंत नेटाने करतात. बारा सेंटिमीटर म्हणजे चहाच्या बशीएवढी. चकती बहुधा भाजलेल्या मातीची, काही लाकडाच्या. तिचं नाव धेबी अ तुगोइन.

त्या मुलीने खुंटी काढून मला दाखवली ती सकाळी, ओठ धुताना. तुळतुळीत लाकूड, अंगठ्याच्या पेराहून जाड, दोन्ही टोकांना किंचित पसरट आणि मधे निमुळतं. ओठाला आतून गुलाबी कडा आली होती, एका बाजूला अजून थोडं ओलसर होतं. तिने पाण्याने धुतलं, नवी खुंटी उचलली, पहिलीपेक्षा थोडी जाड, आणि ओठ एका हाताने ताणून दुसऱ्या हाताने ती आत सारली. डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पुसलं नाही. पुन्हा कामाला लागली.

मी तिला विचारलं, कुणी सांगितलं म्हणून केलंस का? भावाने भाषांतर केलं खरं, पण त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हा प्रश्न त्याचाही आहे. ती म्हणाली, मैत्रिणींनी केलं. मग जरा थांबून म्हणाली, ओठ न कापलेलीला आळशी म्हणतात, धांदरट म्हणतात. भाऊ चिडला. शाळेत जायचं ठरलं होतं, तो म्हणाला. सरकारचे लोक सभा घेऊन सांगून गेले, ओठ कापणं बंद करा, काठ्यांच्या लढती बंद करा. शहरात या ओठाकडे लोक टक लावून बघतात. तिने ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं नाही. मला त्याचं म्हणणं पटत होतं. आणि तिच्या हातातली ती जुनी खुंटी बघताना तिचंही नाकारता येत नव्हतं. दोघांच्या मधे मी कुणाची बाजू घेतली नाही. आजही घेता आली नसती.

मग उलट तपासणी सुरू झाली. मोठ्या बहिणीने माझ्या नाकाला हात लावला, चमकी इकडून तिकडून पाहिली. कुणी टोचलं? मी म्हटलं, सोनाराने. सोनार कोण? सोनं घडवणारा पुरुष. परका? हो. तिला हे अजिबात आवडलं नाही. तुझ्या आईने का नाही टोचलं? आईने डोकं धरलं होतं, असं मी सांगितलं तेव्हा तिची मान हलली. एवढं चालेल, अशी.

फोनमध्ये माझ्या लग्नाचा फोटो होता, तो दाखवला. नथ पाहून शेजारच्या बायकाही जमल्या. पुढचा प्रश्न कुणी विचारेल तर तो हाच, असं आता वाटतं, पण तेव्हा मी चाट पडले. बहिणीने विचारलं, “जेवताना काढतेस का?”

काढते की. माझी काकू लग्नाच्या पंगतीत एका बोटाने नथ उचलून धरते आणि दुसऱ्या हाताने घास घेते. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी नथ काढते. नथ घातली की काकूची मान सरळ होते, चाल संथ होते, आवाज खाली येतो. हळदीकुंकवाला, लग्नाला, गौरींना नथ. भाजी निवडताना नाही. नथीला वेळ असते. हे मी सांगत गेले, भाऊ भाषांतर करत गेला आणि बायका एकमेकींकडे बघून बोलायला लागल्या. मग तिने विचारलं, फोटोतली नथ भोकातच आहे ना? मी खरं सांगितलं. माझं भोक चमकीपुरतंच आहे, नथीची जाड तार त्यात जात नाही, म्हणून ती चापाची होती, वरून दाबून बसवलेली. एक म्हातारी काही म्हणाली आणि सगळ्या गप्प झाल्या. भावाने जरा संकोचून सांगितलं, “ती म्हणते, मग ती तुझी नव्हे.”

दुपारी धाकटीने माझा हात रंगवला. पांढऱ्या मातीचं ढेकूळ भोपळ्याच्या वाटीत पाणी घालून तिने कालवलं, कोपरापासून मनगटापर्यंत तळव्याने सपाट लेप दिला आणि ओला असतानाच चार बोटं एकत्र धरून वरून खाली ओढली. बोटांनी माती निघाली तिथे माझी कातडी सावळ्या रेघांनी उमटली. एकदा, परत एकदा थोडं वाकडं. हिशेब नाही, ठसा नाही, डोळ्यांनी मोजलेली लय फक्त. वाळताना माती कातडीला ओढून धरते. हात हलवला की भेगा पडतात, म्हणून मी आपोआप हात जपून ठेवायला लागले, सावकाश उठायला लागले. नटण्यासाठी लावतात तशी दुखण्याखुपण्यातही ही माती अंगाला लावतात, असं त्यांनी सांगितलं. तिच्या दंडावर फुगीर ठिपक्यांची नक्षी होती. काट्याने कातडी उचलून ब्लेडने कापलेली. त्यावर तिने माझं बोट फिरवलं. मोत्यांच्या सरीवरून फिरावं तसं लागलं.

माझ्याकडे देण्यासारखं काय होतं? पिशवीत डझनभर काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या. त्या मी तिच्या हातात भरल्या, आमच्या कासारणीकडे बघून बघून शिकले तशा, अंगठा आत दाबून, हाताची हाडं एकमेकांवर सरकवत. दुसरी बांगडी फुटली. ती दचकली नाही, उलट हात आणखी सैल सोडला. दुखरं सहन करून सुंदर व्हायचं कसं, हे तिला माझ्याकडून शिकायचं नव्हतं.

संध्याकाळी जे पाहिलं त्यासाठी मी गेले होते, पण ते दिसेल हे मला माहीत नव्हतं. गुरं परत आली. बहिणीने ज्वारीचं घट्ट शिजवलेलं पीठ भोपळ्याच्या वाडग्यात काढलं. मग घरात रांगत गेली आणि चकती घेऊन बाहेर आली. काळी, भाजलेली, वापराने झिजून गुळगुळीत. काठाला सगळीकडून खाच, आडावरच्या रहाटाच्या चाकाला असते तशी. तिने चकती पाण्याने ओली केली, लोंबता ओठ खाली ओढला, एका बाजूने खाचेत घातला आणि अंगठ्याने पुढे सरकवत नेला. चाकावर दोर बसावा तसा ओठ बसला. दहा सेकंद लागले असतील. मग ती उठली, आणि सकाळपासून माझ्याशी खिदळणारी बाई तिथे नव्हती. मान ताठ, खांदे मागे, पाऊल मोजून. वाडगा दोन्ही हातांत धरून ती नवऱ्याकडे गेली, त्याच्यासमोर ठेवला, जरा थांबली. त्याने वर पाहिलं. ती परत फिरली, मग गाईखाली बसली आणि चकती तशीच ठेवून धार काढली. चकतीची हीच वेळ असते. नवऱ्याला वाढताना, दूध काढताना, लग्नात, लढतीच्या मेळ्यात. लग्न न झालेल्या मुली मात्र चारचौघांत कधीही घालून मिरवतात. माझ्या ऑक्टोबरमधल्या फोटोंत यातलं काहीच नव्हतं. मला आता कळलं काय चुकलं होतं.

ती म्हातारी, माझी नथ माझी नव्हे म्हणणारी, तिचा ओठ सगळ्यांत मोठा होता, आणि दिवसभरात तिने चकती एकदाही घातली नव्हती. तुझी कुठे आहे, असं मी विचारलं. नवरा गेला, ती म्हणाली. नवरा गेला की चकती जाते.

माझ्या आजीची नथ आजोबा गेले त्या दिवशी आईने उतरवून ठेवली, कुंकू पुसलं. मी सात-आठ वर्षांची असेन. पुढे माझ्या नाकात लिंबाची काडी घालणारी आजी ती हीच, मोकळ्या कपाळाची. दिवसभर मी नथ आणि चकतीची जी जुळणी मोठ्या आनंदाने करत होते, ती या ठिकाणी येऊन रुतली. दोन्ही दागिने सुंदर आहेत आणि दोन्ही नवऱ्याच्या श्वासाला बांधलेले आहेत. मला त्याचा राग येतो. आपल्या घरातला येतो तितकाच तिथलाही येतो, कमी नाही, जास्त नाही. म्हातारीला मी काही बोलले नाही. तिने मूठभर भाजलेले मक्याचे दाणे माझ्या ओंजळीत टाकले.

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमारास तीन गाड्या आल्या. त्याआधीच धावपळ सुरू झाली होती. सगळ्यांच्या ओठांत चकत्या, त्यावर गुरांची शिंगं डोक्याला, भोपळे, जे हाताला लागेल ते. जितकं विचित्र तितके फोटो, हे त्यांना अनुभवाने कळलेलं. मोठी बहीण रांगेत उभी राहिली. सकाळची नऊची वेळ, समोर नवरा नाही, गाय नाही, लग्न नाही. मी तंबूशेजारी बसून होते. मला उठून ओरडावंसं वाटलं. पण सव्वा वर्षापूर्वी मीच त्या बाजूला उभी होते. आणि त्या नोटा त्यांना लागतात. ओमोवरच्या गिबे-३ धरणात पाणी साठवायला लागल्यावर २०१५ च्या पावसाळ्यात ओमोला पूर आलाच नाही. पूर ओसरला की ओल्या गाळात काठावर ज्वारी पेरायची, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची शेती. पूर नाही तर गाळ नाही, गाळ नाही तर पेरणी कशात? भावाने मला हे रांगेकडे पाठ करून सांगितलं.

निघताना मी चकती विकत घेतली नाही. पाहुण्यांसाठी नव्या कोऱ्या करून ठेवलेल्या ढिगाने होत्या. धाकटीने मात्र तिची पहिली खुंटी माझ्या हातात ठेवली. तिला ती आता लहान झाली होती. तिच्या मनगटात बांगड्या होत्या, नऊ उरलेल्या.

जुलैमध्ये मंगळवेढ्याला आले तेव्हा ती खुंटी आईला दाखवली. सगळं सांगितलं. आईने चष्मा लावला, खुंटी उलटसुलट केली, मधल्या निमुळत्या भागावरून नखाने माग काढला.

“किती दिवस ठेवत्यात म्हणं?”

“तीन महिने.”

“तीन म्हैने,” आई म्हणाली. मग बराच वेळ खुंटी हातात धरून बसली. “कापताना पोरीचं डोस्कं कुणी धरलं हुतं गं?”

मला ते विचारायचं सुचलं नव्हतं.